चंद्रीनं काय काय खाल्लं

आमच्या घरी सकाळ दोनदा व्हायची. पहिली इतरांसारखीच. आई चूल पेटवायची, परातीत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळल्याचा आवाज यायचा, आणि आदल्या दिवसाचं सुकटीचं कालवण गरम व्हायला लागलं की त्या वासानं माझा धाकटा भाऊ रवी डोळे न उघडताच अंथरुणात उठून बसायचा. दुसरी सकाळ दहाच्या सुमाराला व्हायची आणि ती रडत यायची. कुणी आईच्या काखेत, कुणी आज्याच्या खांद्यावर, कुणी हाताला धरून फरफटत, अशी आजूबाजूच्या वाड्यांमधली सगळी चिल्लीपिल्ली आमच्या घराशेजारच्या समाजमंदिरात आणून सोडली जायची. तिथे माझ्या आईची बालवाडी भरायची. आणणारी माणसं पाठ फिरवून शेताला निघाली की आत एकच कल्लोळ उठायचा. खाडीवर बसलेले बगळेसुद्धा तेवढ्यापुरते उडून पलीकडे जायचे.

आईला सगळा गाव ‘बाई’ म्हणायचा. आम्हीही बालवाडीच्या वेळेत बाईच म्हणायचो, नाहीतर ती ओ द्यायची नाही. रडणाऱ्या पोराला तिनं कधी ‘गप्प बस’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ती त्याला काम द्यायची. समोर सूप ठेवायची आणि म्हणायची, “बाळा, ह्या मटकीतले खडे शोधून दे, मग आपण दोघं मिळून रडू.” खडे सापडेपर्यंत पोरगं रडण्याचं कारण विसरून जायचं. त्याच मटकीची दुपारी उसळ व्हायची, कांदा-लसणाची, वरून किंचित गूळ घातलेली. बौद्धवाडीतल्या बाईच्या हातचं आपल्या पोरानं खाऊ नये असं वाटणारी दोनचार घरं वरच्या वाडीत होती. त्यांची पोरं घरून डबा आणायची, तो बाजूला ठेवायची आणि उसळीची वाटी बोटानं पुसून लख्ख करायची. मग डब्यातलं आमचा रवी खायचा. आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. रवीनंही काढला नाही.

बाबा थळच्या खताच्या कारखान्यात गोण्या भरण्याच्या विभागात होते. शनिवारी संध्याकाळी दोन एसट्या बदलून, मध्ये तरीत बसून खाडी ओलांडून ते घरी यायचे. त्यांच्या पिशवीत पाव, खारी आणि छपाईत बिघडलेल्या कोऱ्या गोण्या असायच्या. पांढऱ्या, चिवट, फाडायला गेलं तर आपलीच नखं मोडावीत अशा. आमच्या घरात त्या गोण्यांचं काय नव्हतं ते विचारा. न्हाणीचा पडदा, उशांचे अभ्रे, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ, सगळं गोणीचं. रवीची एक चड्डी होती, तिच्या मागच्या बाजूला ‘निव्वळ वजन ५० किलो’ असं निळ्या शाईत छापलेलं होतं. रवी तेव्हा काडीसारखा होता. शाळेत त्याला पोरं ‘निव्वळ’ म्हणूनच हाक मारत. आज तो चांगला गुबगुबीत झालाय, पेणला त्याचं दुकान आहे, पण मी फोनवर ‘निव्वळ आहे का?’ असंच विचारते आणि त्याची सून गोंधळते.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी दहावीत गणितात नापास झाले होते. बाकीच्या विषयांत बरी होते. गणिताच्या पेपरात मात्र एका उदाहरणातली पाण्याची टाकी मला फार आवडली आणि मी तिच्या कडेला बसलेला बेडूक काढला. बेडूक चांगला आला होता. ऑक्टोबरात परत बसायचं, पास व्हायचं, मग डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, असं आईनं ठरवून टाकलं होतं. मी चित्रं काढते हे तिला दिसत नव्हतं असं नाही. चुलीच्या भिंतीवर कोळशानं, अंगणात खडूनं, एकदा तर पीठ चाळून झाल्यावर परातीतल्या पिठातसुद्धा बोटानं मी कोंबडा काढला होता. आई त्या कोंबड्यावर पाणी ओतून भाकरी थापायला बसली. “छान आहे,” ती म्हणाली, “पण पोट भाकरीनं भरतं.”

आता चंद्रीकडे येते. बालवाडीच्या मागे येसूकाकीचं घर होतं. काकी एकटीच राहायची. मुलगा मुंबईला, नवरा कधीच गेलेला. तिच्या आवाजाला धार अशी होती की कोळणीसुद्धा तिच्याशी भावावरून वाद घालत नसत. तिची एकच शेळी, चंद्री. तांबूस अंग, कपाळावर पांढरा चांदवा आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ताच आपण काहीतरी चांगलं खाल्लंय आणि ते कुणाला कळलेलं नाही. चंद्रीला दावं ठाऊक नव्हतं. वाळत घातलेल्या साड्यांचे पदर, केरसुणी, पापडाचं पीठ, पोस्टमनच्या पिशवीचा पट्टा, जे मिळेल ते ती खायची. आईनं तक्रार केली की काकी म्हणायची, “मुकं जनावर हाय, बाई! त्याला काय कळतंय? तुम्हाला कळतंय ना, मग उचलून ठेवा.”

त्या साली गणपती नुकतेच होऊन गेले होते. अंगण शेवाळानं हिरवं झालं होतं. समाजमंदिरातल्या भिंतीवर आईनं अक्षरांचा मोठा तक्ता चिकटवला होता, अ अननसाचा ते ज्ञ ज्ञानेश्वरीचा. चिकटवायला तिनं भाताची दाट खळ वापरली होती. खळीचा वास चंद्रीला लागला. आई आत उसळीला फोडणी देत असताना चंद्री शांतपणे दारातून आली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं अननसापासून सुरुवात केली. पोरं टाळ्या वाजवत होती. आईला वाटलं, पोरं गाणं म्हणतायत. ती बाहेर आली तेव्हा चंद्री ‘ज्ञ’ खात होती. आई झारा घेऊन धावली, चंद्री अंगणात पळाली, आई तिच्या मागे, आणि शेवाळावरून आईचा पाय असा सरकला की तो मोडल्याचा आवाज मला घरात ऐकू आला. भिंतीवर फक्त ‘ण’ आणि ‘ळ’ उरले होते. ही दोन अक्षरं शेळीलासुद्धा नको झाली असावीत.

आईच्या पायाला प्लास्टर लागलं आणि ती ओटीवरच्या खाटेवर आली. बालवाडी बंद ठेवली तर ती दुसऱ्या कुणाकडे जाईल ही भीती होती. वरच्या वाडीतले तात्या, ग्रामपंचायतीचे मेंबर, त्यांच्या पुतणीला ती जागा हवी होती हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी असं ठरलं, की आईचा पाय बरा होईपर्यंत मी मुलं सांभाळावीत. तात्या म्हणाले, “बघू. पोरगी अंगानं लहान हाय, पण करील. काय कमीजास्त झालं तर मात्र आम्हाला विचार करावा लागंल.” बोलताना त्यांनी टोपी काढून परत घातली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते असं करायचे.

पहिला आठवडा मला आयुष्यभर पुरेल असा गेला. मी ‘खडे शोधा’ म्हटलं तर पोरांनी मटकी एकमेकांच्या कानात घातली. गाणी संपली, तक्ता तर चंद्रीच्या पोटात. हल्ली शाळांमध्ये मला बोलावतात तेव्हा कुणीतरी शिक्षिका हमखास विचारते, “ताई, चित्रांची पुस्तकं लिहायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?” मी काहीतरी बरं उत्तर देते. खरं उत्तर असं, की पोरं चावत होती. शेवंती नावाची पाच वर्षांची एक मुलगी होती, येसूकाकीच्या शेजारच्या घरातली, दोन शेंड्या आणि कमरेवर हात. ती म्हणाली, “बाई असत्या तर गोष्ट सांगितली असती. तुला काय येतं?” मी म्हटलं, “मला चित्र येतं.” ती म्हणाली, “मग काढ की.”

कागदावर काढलं असतं तर पोरांनी फाडलं असतं, नाहीतर चंद्रीनं खाल्लं असतं. म्हणून मी बाबांची एक गोणी उसवली आणि तिचे चौकोन कापले. खाडीच्या कडेला इब्राहिमचाचा होड्या रंगवायचे. त्यांच्याकडे गेले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते हसता हसता खोकायला लागले आणि म्हणाले, “शेळीची गोष्ट? मग लाल दे तिला, लाल भारी दिसतो.” त्यांनी करवंट्यांमध्ये उरलेला रंग ओतून दिला. लाल, पिवळा, आणि होडीच्या कडेला लावतात तो गडद निळा. त्या रंगांना खास वास येतो. आजही नव्या पुस्तकाचं छापील पान हातात आलं की मी आधी ते हुंगते, आणि त्याला होडीचा वास येत नाही म्हणून मला थोडं वाईट वाटतं.

पहिल्या पानावर मी चंद्री काढली. दुसऱ्या पानावर चंद्रीनं तक्ता खाल्ला. पोरांनी हे स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे ती एकदम गप्प झाली. मग शेवंती म्हणाली, “आता तात्यांची टोपी खाऊ दे.” मी दुसऱ्या दिवशी ते पान करून नेलं. चंद्रीच्या तोंडातून टोपीचं टोक बाहेर आलेलं आणि तात्यांच्या डोक्यावर फक्त चार केस. पोरं लोळायला लागली. मग रोज एक पान. चंद्रीनं पोस्टमनची पिशवी खाल्ली, चंद्रीनं एसटीची पाटी खाल्ली आणि एसटी श्रीवर्धनऐवजी समुद्रात गेली, चंद्रीनं बाईंचं प्लास्टर खाल्लं. बिछान्यावरून आईनं ते पान पाहिलं आणि तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले. पानं मी वेताच्या काडीला सुतळीनं बांधली होती. पोरांनी त्यांवर उसळ सांडली, लाळ गाळली, एकानं तर बसल्या बसल्या सगळंच ओलं केलं. मी पुस्तक विहिरीवर नेऊन धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. वाऱ्यानं पानं फडफडायची. येणारी जाणारी माणसं दोरीपाशी थांबून आमची गोष्ट वाचायची, कधी शेवटाकडून, कधी मधूनच. इतका वाचकवर्ग मला पुढे कधी मिळाला नाही.

गोष्ट संपवायची वेळ आली तेव्हा मी अडले. शाळेतल्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असायचं. चंद्री इतकं खाते, तर तिला शिक्षा व्हायलाच हवी, असं माझ्या नापास डोक्यात पक्कं होतं. शिवाय आईचा पाय तिच्यापायी मोडलेला. म्हणून शेवटच्या पानावर मी बोर्लीचा बाजार काढला. एक माणूस चंद्रीला दोरीनं ओढून नेतोय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मग काकीनं चंद्रीला विकून टाकलं.’ बाजार दुसऱ्याच दिवशी होता, त्यामुळे ते पान मला फार ताजं वाटत होतं.

मी ते पोरांना दाखवलं. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, “बाजारात नेल्यावर शेळीचं काय करतात?” मी म्हटलं, “दुसऱ्या गावाला जाते.” तात्यांचा नातू बंड्या म्हणाला, “न्हाय. मटण करतात.” सगळी बंड्याकडे बघायला लागली. सगळ्यांनी मटण खाल्लेलं होतं. शेवंतीनं दोन्ही शेंड्या घट्ट धरल्या होत्या. मला वाटलं, गोष्ट मनाला भिडली. मी खूश होऊन उसळ ढवळायला आत गेले.

वाट्या घेऊन बाहेर आले तर समाजमंदिर रिकामं होतं. कोपऱ्यात दोन अगदी बारकी झोपली होती. बाकी कुणी नाही. असा शांतपणा त्या जागेत मी कधी ऐकला नव्हता. आधी मला वाटलं, लपलीत. मी हाका मारल्या. दारामागे पाहिलं, अंगणात पाहिलं, मागच्या केळीत पाहिलं. मग विहिरीकडे धावले. विहीर काठोकाठ भरलेली होती आणि पाणी अगदी स्थिर. मी तिथेच कठड्याला धरून ओरडले. माझ्या तोंडून ‘आई’ निघालं की ‘बाई’, ते आठवत नाही.

आई खाटेवरून उतरली आणि एका पायावर, भिंतीला धरून, अंगणापर्यंत आली. रवीनं वरच्या वाडीत बातमी नेली. शेतातून बायका धावत आल्या, हातात विळे तसेच. दोन गडी विहिरीत उतरले. कुणीतरी ओरडलं, “भरती लागलीय, खाडीकडे बघा!” आणि सगळ्यांची तोंडं खाडीकडे वळली. बंड्याच्या आईनं मला दंडाला धरून गदागदा हलवलं. “कुटं हायत पोरं? बोल की! कुटं हायत?” तेवढ्यात मागून येसूकाकीची किंकाळी आली, “चोर! चोर! माझी चंद्री नेली गं कुणी!” कुणीतरी तिच्यावर खेकसलं, “म्हातारे, इथं पोरं हरवलीत आणि तुझं शेळीचं काय!” पण माझी आई एकदम स्थिर झाली. दोन्ही बातम्या तिनंच पहिल्यांदा एकत्र ठेवल्या. “कुंदे,” ती मला म्हणाली, “तू आज पोरांना काय सांगितलंस?”

मी उत्तर द्यायच्या आत खाडीच्या वाटेनं इब्राहिमचाचा येताना दिसले. हातात डांबराचा डबा, चेहरा पांढराफटक. ते थोडे धावत होते, थोडे थांबत होते. “अरे या जरा,” ते म्हणाले, “माझी होडी बें करतेय.”

“काय करतेय?”

“बें! पालथी घातलेली होडी. डांबर लावायला हात ठेवला तर आतून बें! अल्लाची शप्पथ.”

मी आयुष्यात तशी धावलेले नाही. पालथी होडी ओंडक्यांवर टेकवलेली होती, कडेखाली वीतभर फट. फटीतून बारकी बारकी पावलं दिसत होती, चिखलानं माखलेली, आणि त्यांच्यामध्ये चार खूर. भरतीचं पाणी तिथून बरंच खाली होतं. माणसांनी होडी एका कडेनं उचलली. आत सगळी बालवाडी चंद्रीला मध्ये घेऊन दाटीवाटीनं बसलेली होती. एकानं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं, दुसऱ्यानं आपली चड्डी काढून तिला खायला दिली होती. आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं. आया रडत रडत हाका मारू लागल्या. पोरं हलली नाहीत.

“बाहेर या रे,” तात्या म्हणाले.

“न्हाय,” शेवंती आतून म्हणाली. “आधी चंद्रीला विकणार न्हाय म्हणा.”

“कोण मेलं विकतंय माझ्या चंद्रीला?” येसूकाकी गर्दीतून पुढे आली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पण शेवंती काकीकडेच बघत होती. ती म्हणाली, “तूच. काल तो माणूस आला व्हता. त्यानं चंद्रीची पाठ चाचपून बघितली. मी कुडातनं बघितलं. बाजाराच्या दिवशी न्हेतो म्हणाला.”

काकी तशीच चिखलात खाली बसली. “मला आता चारायला न्हेववत न्हाय,” ती हळू म्हणाली. “गुडघे धरतात. दाव्याला बांधून उपाशी ठेवू? म्हणून मोकळी सोडते, तर सगळ्यांच्या शिव्या खाते. काय करू मी?”

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी फक्त तात्पर्य लिहिलं होतं. पण शेवंतीनं पाहिलेलं आणि मी काढलेलं तिच्या डोक्यात एका जागी आलं, आणि तिनं ते खरं मानून पावलं उचलली. त्या दिवसापासून मी एकाही गोष्टीचा शेवट निष्काळजीपणे लिहू शकलेले नाही. माझे प्रकाशक ह्यामुळे वैतागतात. त्यांना वाटतं, चोवीस पानांच्या पुस्तकाला हिला दोन वर्षं का लागतात. त्यांना होडीखालची ती पावलं दिसत नाहीत.

दिवेलागणीला समाजमंदिरात सगळे जमले. तात्या उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. पोरं देवाच्या दयेनं सापडली, पण असं चालायचं नाही, पोरीच्या हातात पोरं देणं चुकलं, आणि बाईंचाही पाय काही लवकर बरा होत नाही, तेव्हा आपण दुसरी व्यवस्था बघू, असं ते म्हणाले. काही बायकांनी माना हलवल्या. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. दुपारी त्या विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “माझी पोरगी बेसावध राहिली. ती जबाबदारी माझी. तुम्ही ठरवाल ते मान्य.”

तेव्हा येसूकाकी उठली. भांडणाशिवाय आईची आणि तिची कधी बोलाचाली नव्हती! ती म्हणाली, “मला आधी ती गोष्ट दाखवा. माझ्या शेळीवर लिवलीय ना? मग मला नको कळायला, तिनं काय काय खाल्लं?”

कुणी काही बोलायच्या आत शेवंतीनं पुस्तक आणलं आणि माझ्या मांडीवर आदळलं. मी उघडलं. पोरांना सगळं पाठ होतं, तीच मोठ्यानं म्हणायला लागली. तक्ता आला. पोस्टमनची पिशवी आली. मग टोपीचं पान आलं आणि मी ते पटकन उलटायला गेले, तर बंड्या ओरडला, “आजोबा, हे तुम्ही!” तात्या वाकून बघायला लागले. तात्यांनी बराच वेळ ते चार केस पाहिले. “चार न्हाय,” ते शेवटी म्हणाले, “ह्याहून जास्त हायत.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग काही थांबलंच नाही. दुपारी रडलेल्या बायकाच सगळ्यात जास्त हसत होत्या. हसता हसता काही परत रडल्या.

शेवटचं पान आलं. काकीनं चित्रातला तो दोरी ओढणारा माणूस पाहिला. “हे फाड,” ती म्हणाली. मी ओढलं. फाटेना. काकीनं ओढलं. तात्यांनीसुद्धा एक कोपरा धरून ओढलं. शेवटी आई लंगडत आली, काकीच्या खांद्याला धरून खाली बसली, आणि विळीवर धरून तिनं ते पान सुतळीपासून कापून काढलं. “उद्यापासून चंद्री इथं अंगणात बांधा,” आई काकीला म्हणाली. “चारा पोरांच्या आया आणतील. दावं मात्र आखूड पाहिजे. आणि माझ्या भिंतीपासून लांब.” काकी म्हणाली, “आखूड कशाला? मुकं जनावर हाय.” आणि दोघींचं भांडण तिथल्या तिथे परत सुरू झालं. दुसऱ्या व्यवस्थेचं कुणी पुन्हा काढलं नाही. फक्त दाराला बाहेरून आणि आतून कडी बसवायची असं ठरलं, आणि ती तात्यांनी स्वतः दुसऱ्या दिवशी उभं राहून बसवून घेतली.

त्या दुसऱ्या दिवशी मी कोरं पान मांडीवर घेऊन पोरांमध्ये बसले. ओटीवरून आई ओरडली, “आधी गणिताची दोन उदाहरणं, मग गोष्ट!” गणितात मी त्या ऑक्टोबरात पास झाले, अगदी काठावर. डी.एड.ही केलं आणि बरीच वर्षं शाळेत शिकवलं. आईचं म्हणणं पूर्ण केल्यावरच पुस्तकांच्या वाटेला गेले. पण त्या सकाळी मी उदाहरणं सोडवली नाहीत. मी पोरांना विचारलं, “मग चंद्रीचं काय झालं?”

गलका उडाला. चंद्री सरपंच झाली. चंद्री एसटीनं मुंबईला गेली आणि तिनं मुंबई खाल्ली. चंद्रीला पंख फुटले. मी प्रत्येकाचं ऐकून घेत होते, ब्रश हातात, आणि काहीच पटत नव्हतं. तेव्हा आदल्या दिवशी कोपऱ्यात झोपलेल्यातलं एक, ज्याला अजून धड बोलता येत नव्हतं, ते म्हणालं, “ढेकल.” सगळे थांबले. शेवंतीनं कमरेवरचे हात काढले. “व्हय,” ती म्हणाली. “एवढं खाल्लं तर ढेकरच येणार.”

मी चंद्रीचं तोंड उघडं काढलं, मोठ्ठं, पानभर. त्यातून टोपी उडतेय, पिशवी उडतेय, अननस उडतोय. खाली लिहिलं, ‘आणि चंद्रीनं ढेकर दिला.’ पोरांनी ढेकर देऊन दाखवले. उसळ खायच्या आधीच. मी रंगाची करवंटी बाजूला ठेवायला वळले तेवढ्यात शेवंतीनं बोट निळ्या रंगात बुडवलं आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात दाबलं, जोर लावून, रंग फाकेपर्यंत. मी म्हटलं, “हे काय केलंस?” ती म्हणाली, “ही मी. मी चंद्रीला धरलंय.”

शेवंती आता एसटीत कंडक्टर आहे. कमरेवरचे हात तसेच, आणि तिच्या गाडीत कुणी दारात उभं राहत नाही. ‘चंद्रीनं काय काय खाल्लं’ हे माझं पहिलं पुस्तक छापायला गेलं तेव्हा आमच्यापैकी कुणीच लहान राहिलं नव्हतं. प्रकाशकांच्या ऑफिसात मांडणी करणारा तरुण मुलगा होता, हुशार, नीटनेटका. त्यानं गोणीची ती सगळी जुनी पानं संगणकावर स्वच्छ करून घेतली होती, उसळीचे डाग, लाळेचे ओघळ सगळं पुसून. शेवटच्या पानावर मात्र तो थांबला. “मॅडम, इथे कोपऱ्यात निळा रंग सांडलाय,” तो म्हणाला. “एका क्लिकमध्ये जाईल. काढू?”

“सांडलेला नाही,” मी म्हटलं. “ती शेवंती आहे. चंद्रीला धरून बसलीय. तिला हलवायचं असेल तर आधी तिच्याशी बोलावं लागेल.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि माऊसवरचा हात उचलला.